पुरुषांमधील हाड मोडण्याचा धोका आणि घराण्याचा वारसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या थोरल्या चुलत्यांचा खुबा मोरीतल्या ओल्या शहाबादी फरशीवर घसरून मोडला, तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. भेटायला आलेल्या प्रत्येकाने तो एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि ‘फरशीच तसली’ असे म्हणून तो परत ठेवला. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, आयुष्याची शेवटची दोन वर्षे खुबा मोडूनच अंथरुणावर काढली होती. पण ही गोष्ट रुग्णालयात कोणी विचारली नाही आणि घरातल्या कोणाला ती सांगावीशी वाटली नाही. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत बोलताना पुन्हा पुन्हा जे प्रश्न पुढे येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

हाडे ठिसूळ होणे हा बायकांचा आजार मानला जातो. पुरुषांना तो खरोखर होतो का?

होतो. ५० वर्षांपुढच्या साधारण दर ३ स्त्रियांपैकी एकीला आणि दर ५ पुरुषांपैकी एकाला उरलेल्या आयुष्यात ठिसूळ हाडामुळे फ्रॅक्चर होते, असा जागतिक अंदाज आहे. पुरुषाचे हाड मुळात जाड आणि रुंद असते आणि पाळी थांबल्यावर स्त्रीच्या हाडांची जशी झपाट्याने झीज होते तशी त्याची होत नाही, म्हणून त्याचे हाड मोडण्याची वेळ सहसा काही वर्षे उशिरा येते. मात्र ती वेळ आल्यावर पुरुषच अधिक खचतो. खुबा मोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षात दगावणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांत जास्त असते, हे अनेक देशांतील नोंदींतून दिसून आलेले आहे. असे असूनही फ्रॅक्चर जुळवून घरी पाठवलेल्या पुरुषाच्या हाडांचा ठिसूळपणा तपासण्याचे राहून जाते, ही मला सर्वांत बोचणारी गोष्ट वाटते.

पण पडल्यावर कोणाचेही हाड मोडणारच. त्यात ठिसूळपणाचा संबंध कसा ओळखायचा?

उसाच्या भरलेल्या ट्रॉलीवरून खाली पडून किंवा मोटरसायकलच्या धडकेत मोडलेले हाड वेगळे आणि उभ्या उभ्या तोल जाऊन, खुर्चीतून उठताना घसरून किंवा पोते उचलताना मोडलेले हाड वेगळे. निरोगी हाडाने उभ्या उंचीवरून पडण्याचा मार सोसायला हवा, असे वैद्यकशास्त्र धरून चालते. तेवढ्या माराने खुबा, मणका, मनगट किंवा खांद्याजवळचे हाड मोडले, तर दोष फरशीचा कमी आणि हाडाचा अधिक असतो. मणक्याचे फ्रॅक्चर तर पुष्कळदा न पडताही होते. उंची दोन-तीन इंचांनी घटते, पाठीला पोक येते आणि ‘वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो.

वारशाने नेमके काय येते?

हाड मोडण्याचा धोका एकसंध वस्तूसारखा बापाकडून मुलाकडे येत नाही. येतात ते त्याचे निरनिराळे घटक : तरुणपणी हाडात खनिजाची किती भर पडेल, पुढे झीज कोणत्या वेगाने होईल, मांडीच्या हाडाची मान किती लांब आणि किती रुंद असेल, आतील प्रथिनांची वीण किती चिवट असेल, आणि स्नायूंची ताकद किती असेल. यांपैकी हाडाची घनता सर्वांत सहज मोजता येते आणि तिच्यावर आनुवंशिकतेचा पगडाही मोठा आहे. माणसामाणसांमधील घनतेच्या फरकापैकी सुमारे ५० ते ८५ टक्के फरक आनुवंशिक असल्याचे जुळ्यांच्या आणि कुटुंबांच्या अभ्यासांतून दिसते. प्रत्यक्ष फ्रॅक्चरवर मात्र वारशाची पकड इतकी घट्ट नसते, कारण हाड मोडण्यासाठी पडावेही लागते. आणि पडण्यामागे मोतीबिंदू, रात्रीचा अंधार, रक्तदाबाच्या गोळ्या, निसरडी मोरी अशी शंभर कारणे असतात.

मग ‘हाडे ठिसूळ करणारे जनुक’ असे एखादे आहे का?

बहुसंख्य लोकांच्या बाबतीत नाही. ब्रिटनमधील सुमारे ४ लाख २६ हजार लोकांच्या टाचेच्या हाडाचे मापन आणि त्यांची जनुकीय माहिती ताडून पाहिल्यावर हाडाच्या घनतेशी निगडित अशा ५१८ जागा जनुकसंचात सापडल्या. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक जागेचा परिणाम इतका बारीक आहे की तिला एकटीला काही अर्थ उरत नाही. चळत एका नाण्याने उंच होत नाही, पाचशे नाण्यांची मात्र होते, तसे हे आहे. एका माणसाच्या वाट्याला अशी पुष्कळ प्रतिकूल नाणी आली, तर त्याचे हाड चाळिशीतच इतरांपेक्षा विरळ असू शकते. या जागांपैकी बऱ्याच जागा हाड बांधणाऱ्या पेशींना ‘बांध’ आणि ‘थांब’ असे सांगणाऱ्या संदेशमार्गांवर आहेत, आणि नव्या औषधांचा शोध तेथूनच पुढे गेला आहे.

माझ्या वडिलांचा खुबा मोडला होता. माझाही मोडेल का?

तसे ठरलेले नाही. पण तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, हे मनावर घ्यावे. आई किंवा वडील यांपैकी कोणाचाही खुबा मोडलेला असणे ही इतकी वजनदार माहिती आहे की इंग्लंडमधील शेफिल्ड येथे तयार झालेल्या आणि २००८ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘फ्रॅक्स’ या गणनपद्धतीत तिच्यासाठी स्वतंत्र प्रश्न आहे. या पद्धतीत भारतासाठी वेगळे कोष्टक आहे. वय, वजन, उंची, पूर्वीचे फ्रॅक्चर, धूम्रपान, मद्य, स्टेरॉइड अशी उत्तरे भरली की पुढील १० वर्षांत मोठे फ्रॅक्चर होण्याची शक्यता किती टक्के, हे ती सांगते. हाडांची तपासणी झालेली नसली तरी तिचा उपयोग होतो.

येथे खुबा मोडला तेव्हाचे वडिलांचे वय विचारणे अत्यंत आवश्यक आहे. स्वीडनमधील ३३ हजारांहून अधिक जुळ्या व्यक्तींचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६९ वर्षांच्या आत खुबा मोडण्यामागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ६८ टक्के आढळला, ६९ ते ७९ या वयात तो ४७ टक्क्यांवर आला आणि ७९ नंतर जेमतेम ३ टक्के उरला. याचा अर्थ असा की ८५ व्या वर्षी चक्कर येऊन पडलेल्या आजोबांचा खुबा मोडला असेल, तर त्यामागे घराण्यापेक्षा वय, दृष्टी आणि तोल यांचा हात मोठा असतो. पण साठीत, साध्या घसरण्याने वडिलांचा खुबा मोडला असेल, तर मुलांनी आणि भावांनी ती सूचना समजावी. आमचे चुलते ६८ वर्षांचे होते. त्यांच्या दोन्ही मुलांची तपासणी आम्ही त्यानंतर करून घेतली. धाकट्याच्या हाडांची घनता त्याच्या वयाच्या मानाने कमी निघाली, आणि तोवर त्याला कसलाही त्रास नव्हता.

फक्त वडिलांकडची माहिती काढली तर पुरते का?

पुरत नाही, आणि पुरुषांच्या बाबतीत तर मुळीच पुरत नाही. आपल्याकडे घराणे म्हटले की बाप, आजोबा, चुलते एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु पुरुषाजवळचे एकमेव एक्स गुणसूत्र त्याला आईकडूनच मिळते. वडील मुलाला वाय देतात. त्यामुळे एक्स गुणसूत्रावरील जनुकात बिघाड असेल, तर तो आजोळाकडून येतो. स्त्रीजवळ दुसरे निरोगी एक्स असल्याने तिला त्रास थोडा होतो किंवा होतही नाही. मुलाजवळ दुसरे नसल्याने त्याला तो पूर्ण भोगावा लागतो.

याचे अचूक उदाहरण पीएलएस३ या जनुकाचे आहे. त्यातील बिघाडामुळे मुलांना आणि पुरुषांना लहानपणापासून वारंवार फ्रॅक्चर होतात, मणके चेपले जातात, आणि त्याच घरातील बायकांना मात्र फारसे काही होत नाही, हे २०१३ मध्ये पुढे आले. अशा घरात वडिलांकडची चौकशी कितीही केली तरी काही हाती लागत नाही. ‘मामांची हाडे लहानपणी मोडत होती का? आईच्या वडिलांना पोक होते का? मावशीच्या मुलाचा हात कितीदा प्लास्टरमध्ये गेला?’ हे प्रश्न आजोळी जाऊन, शक्यतो आजीला विचारावेत, कारण घरातली दुखणीखुपणी तिच्याच लक्षात असतात.

एकाच जनुकाच्या बिघाडाने होणारे आणखी आजार कोणते? त्यांची शंका केव्हा घ्यावी?

ते विरळ आहेत, पण ओळखले गेले तर उपचाराची दिशा बदलते. सर्वांत परिचित आजारात हाडातील कोलॅजन हे प्रथिन सदोष बनते; साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक मूल तो घेऊन येते आणि बहुतेक रुग्णांत दोष सीओएल१ए१ किंवा सीओएल१ए२ या जनुकांत असतो. त्याचा सौम्य प्रकार कित्येकदा मोठेपणीच लक्षात येतो : डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक, तरुण वयात कमी ऐकू येणे, ढिले सांधे आणि शाळेच्या वयात चार-पाच फ्रॅक्चर. या प्रकारात आईबापांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. डब्ल्यूएनटी१ या जनुकाची एक प्रत बिघडली तरी ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होतात.

एलआरपी५ या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या, तर बाळपणीच दृष्टी जाते आणि हाडेही मोडत राहतात. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, आणि दोन्हीकडून एकच सदोष प्रत येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. ही रीत चांगली की वाईट, हा येथील विषय नाही. पण घरात असे एखादे मूल असेल, तर पुढची सोयरीक जुळवण्यापूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक बारीक पण मोलाची गोष्ट रक्ताच्या साध्या अहवालातच दडलेली असते. अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तातील विकराचा (एन्झाइमचा) आकडा वाढलेला असला की डॉक्टर तो पाहतात, पण तो सतत कमी येत असला की बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. दुधाचे दात फार लवकर, मुळासकट पडले असतील, तळपायाची हाडे पुन्हा पुन्हा तडकत असतील आणि हा आकडा कमी असेल, तर एएलपीएल जनुकाच्या बिघाडाचा विचार करावा लागतो; अशा रुग्णाला हाडे भक्कम करण्याची नेहमीची औषधे अपाय करू शकतात.

पुरुषाचे हाड टेस्टोस्टेरॉनवर उभे असते, हे खरे का?

अर्धेच खरे आहे. १९९४ मध्ये २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याची उंची २०४ सेंटिमीटर होती आणि ती अजून वाढतच होती, कारण हाडांची टोके सांधलीच गेली नव्हती. अंगात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होते, तरीही हाडे अगदी विरळ होती. दोष निघाला तो इस्ट्रोजेन या ‘बायकी’ समजल्या जाणाऱ्या हार्मोनचा संदेश घेणाऱ्या जनुकात. पुढे टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवणारे जनुकच निकामी असलेले पुरुष आढळले. त्यांना इस्ट्रोजेन दिल्यावर हाडे भरून आली. थोडक्यात, पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागते आणि ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर दोन्ही कमी पडतात. एक एक्स गुणसूत्र जादा घेऊन जन्मलेल्या, म्हणजे क्लाइनफेल्टर अवस्थेतील पुरुषांत असे घडते. मूल होत नाही म्हणून तपासणीला गेल्यावरच पुष्कळांना ते कळते. अशा पुरुषाची हाडेही तपासायला हवीत.

आमच्या घरात तीन पिढ्या तालमीतल्या आहेत. कमावलेल्या शरीराला हा धोका असतो का?

हा प्रश्न कोल्हापुरात हमखास येतो आणि त्याचे उत्तर आनंदाने द्यावेसे वाटते. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि भक्कम असते, विशेषतः वयात येण्यापूर्वी खेळायला लागलेल्यांचे. दोन्ही हातांतील जनुके तर एकच असतात. फरक पडतो तो फक्त भारामुळे. लाल मातीतली झोंबी, जोर-बैठका, दोरावर चढणे या सगळ्यांतून हाडावर येणारा भारही याच जातीचा आहे. वयात येण्यापासून पंचविशीपर्यंत घातलेली ही भर म्हातारपणाची ठेव असते.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. एक, तालीम सुटली आणि पुढची तीस वर्षे दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यात गेली, तर जुनी भर हळूहळू उतरते. दुसरी, वजन झटपट वाढवण्यासाठी कोणी गोळ्या-इंजेक्शने देत असेल, तर शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन दबते आणि ती बंद केल्यावर हाडांना त्याची किंमत मोजावी लागते. शिवाय ‘पैलवानाची हाडे’ या लौकिकामुळे अशा घरांत साठीतले फ्रॅक्चरही अपघात म्हणून सोडून दिले जाते.

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर रोज धारोष्ण दूध पिणाऱ्याला आणखी कॅल्शियमच्या गोळ्या लागतात का?

प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, अशी भारतातील शिफारस आहे. म्हशीच्या दुधाच्या मोठ्या पेल्यातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते आणि १०० ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५०. दोन वेळचे दूध-दही आणि नाचणीची भाकरी किंवा आंबील ज्याच्या ताटात आहे, त्याला गोळीची गरज सहसा पडत नाही. (निर्धोकपणासाठी दूध तापवूनच प्यावे.)

जनुकीय संशोधनाने येथे एक अनपेक्षित गोष्ट दाखवली. ज्यांच्यात जन्मतःच ‘ड’ जीवनसत्त्व थोडे कमी राहण्याचा किंवा दूध कमी घेण्याचा जनुकीय कल असतो, त्यांची हाडे इतरांपेक्षा अधिक मोडतात का, हे २०१८ मध्ये ३७ हजारांहून अधिक फ्रॅक्चरच्या रुग्णांची माहिती घेऊन तपासले गेले. तसे आढळले नाही. हाडाची घनता कमी असण्याचा मात्र फ्रॅक्चरशी थेट कार्यकारणसंबंध दिसला. यावरून खरी कमतरता असलेल्याने औषध सोडावे असा अर्थ काढू नये. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे उन्हाच्या देशातही सर्रास आढळते आणि ती भरून काढलीच पाहिजे. कमतरता नसलेल्याने गोळ्यांची पाकिटे संपवून हाडे वाचवल्याचे समाधान मानू नये, एवढाच याचा अर्थ आहे.

लाळेचा नमुना पाठवून हाडांचा जनुकीय अहवाल मागवावा का?

सध्या तरी मी तसा सल्ला देणार नाही. शेकडो जनुकीय जागांची बेरीज करून काढलेला गुणांक संशोधनात उपयोगी ठरतो आहे. परंतु तो मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेला आहे आणि करवीर तालुक्यातील माणसाला तो तितक्याच नेमकेपणाने लागू पडेल असे धरता येत नाही. तोच पैसा डेक्सा तपासणीवर, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेवर, खर्च करावा. एका जनुकाच्या आजाराची शंका असेल, म्हणजे तरुण वयात कारणाशिवाय वारंवार फ्रॅक्चर होत असतील, तर गोष्ट वेगळी. तेथे तज्ज्ञांच्या सल्ल्याने केलेली नेमकी जनुकीय चाचणी निदान पक्के करते.

मोफत शिबिरात टाच यंत्रात ठेवून ‘हाडे ठीक’ असे सांगितले. तेवढे पुरे का?

नाही. ते अल्ट्रासाउंडचे यंत्र असते. त्यावरून अंदाज येतो, निदान होत नाही. निदानासाठी खुबा आणि कंबरेचे मणके यांची डेक्सा करावी लागते. तिच्यातील ‘टी-स्कोर’, म्हणजे निरोगी तरुणाच्या हाडाच्या घनतेशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर त्यास ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, म्हणतात. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये दिली. सत्तरी गाठलेल्या पुरुषाने ती करावी. आई-वडिलांचा खुबा मोडलेला असेल, स्वतःचे एखादे हाड साध्या पडण्याने मोडले असेल किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतले असेल, तर पन्नाशीतच करावी.

स्टेरॉइडबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. दमा, संधिवात, त्वचेचे विकार यांसाठी ते योग्य कारणाने दिले जाते. पण गुडघेदुखीवर मिळणाऱ्या विनानावाच्या पुड्यांतही ते मिसळलेले असू शकते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. घराण्याने दिलेले हाड आधीच विरळ असेल, तर अशा पुड्या ते आणखी पोखरतात.

धोका जनुकांतच असेल, तर औषधाचा उपयोग होतो का?

होतो, आणि काही औषधे जनुकांच्या अभ्यासातूनच जन्मली आहेत. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या काही घराण्यांत हाडे प्रमाणाबाहेर जाड होण्याचा आजार होता. हाडाच्या बांधणीला ‘थांब’ सांगणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन त्यांच्यात तयारच होत नाही, असे २००१ मध्ये उलगडले. हेच प्रथिन इंजेक्शनने रोखले, तर ठिसूळ हाड भरेल का, या प्रश्नातून रोमोसोझुमॅब हे औषध तयार झाले. जपानने २०१९ मध्ये ते पुरुषांसाठीही मंजूर केले. रोजच्या व्यवहारात मात्र आठवड्याची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हीच औषधे अधिक वापरली जातात आणि वारसा कोणताही असला तरी ती काम करतात. हाडांची झीज रोखणारे, दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन चालू असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता मध्येच थांबवू नये. थांबवल्यावर मणके एकामागून एक चेपल्याची उदाहरणे आहेत.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जावे?

एका कागदावर वडिलांकडची आणि आजोळची माणसे लिहावीत : आई, वडील, दोन्ही आजोबा-आजी, चुलते, आत्या, मामा, मावशा, भाऊ, बहिणी. प्रत्येकापुढे कोणते हाड मोडले, कितव्या वर्षी आणि कशाने, एवढेच टिपावे. पोक आले असल्यास तेही लिहावे. त्याखाली स्वतःची तरुणपणची उंची, आजची उंची, तंबाखू आणि दारूचे खरे प्रमाण आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावे असावीत. विनानावाची पुडी असेल, तर ती पुडीच बरोबर न्यावी. आमच्या चुलतभावाने असा कागद नेला, तेव्हा डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, आजोबांच्या नावाखाली पेनाने रेघ ओढली आणि डेक्साची चिठ्ठी लिहून दिली.